शेऱ्याचा रकाना

नूरबी खाला जिन्याच्या पहिल्या पायरीशी स्टूल टाकून बसते. वर कधीच येत नाही. वर दारू असते, आणि दारू असेल तिथलं पाणीसुद्धा ती पीत नाही. स्वतःची बाटली दौंडहून भरून आणते. तरी गेल्या दोन वर्षांत आमच्या वरच्या मजल्यावर कोण आलं आणि कोण आलं नाही, यातलं काहीही तिच्या नजरेबाहेर घडलेलं नाही. मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर खोट शोधायचाच पगार घेतो, त्यामुळे माणसांतही खोट शोधायची वाईट खोड लागली आहे. या बाईत मला फक्त एक खोट सापडली, आणि तीही तिनेच काढून दाखवली. त्या दिवसापासून मी तिच्याकडे जरा मान खाली घालूनच बघतो.

आधी वरचा मजला म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर गोंधळ व्हायचा. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे निघालं की भीमेचा पूल ओलांडल्यावर पुढे डाव्या हाताला हौसरावांचं परमिट रूम आहे. खाली नेहमीचं गिऱ्हाईक. वर एक हॉल आहे, साखरपुड्या-बारशासाठी बांधलेला आणि एरवी रिकामाच पडलेला. महिन्यातला एक रविवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, तो हॉल आमचा असतो. आमचा म्हणजे शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या, पुरुषांवर जीव जडणाऱ्या पुरुषांचा. शहरात याला गे बार म्हणतात. आम्ही ‘वरचा मजला’ म्हणतो. घरी आई शेजारी बसलेली असताना फोनवर म्हणायला तेच बरं पडतं. आणि दुपारची वेळ अशासाठी की दिवस मावळायच्या आत प्रत्येकाला कुठेतरी परत जायचं असतं. कुणाला धार काढायची असते, कुणाची सेकंड शिफ्ट असते, कुणाला बायकोला माहेराहून आणायचं असतं.

हे सगळं रिजवानमुळे सुरू झालं. रिजवान दौंडचा, एसी दुरुस्तीची कामं करतो, नूरबी खालाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. माझी आणि त्याची दोस्ती कशी झाली ते इथं सांगत नाही, तेवढं माझं मला राहू द्या. तर एकदा आम्ही दोघं डेमूने पुण्याला गेलो. तिथल्या एका पबमध्ये खास आमच्यासारख्यांची दुपारची पार्टी होती. मी नवा शर्ट घातला होता, रिजवानने दाढी कोरून घेतली होती. दारावरच्या माणसाने आमच्याकडे पायापासून वर पाहिलं आणि म्हणाला, “सॉरी सर, लिस्टमध्ये नाव नाही.” आमच्या मागच्या पोरांचंही लिस्टमध्ये नाव नव्हतं, ते हसत-खिदळत आत गेले. कारण काय, ते मी तीनदा विचारलं. तो तीनदा सॉरी म्हणाला. परतीच्या गाडीत मी एवढा तणतणलो की समोरच्या आजोबांनी मला गोळी खायला दिली, त्यांना वाटलं बीपी वाढलंय.

मग आम्ही आमची जागा केली. आणि केल्या केल्या, मोठ्या हौसेने, दारावर तेच करायला लागलो.

आमची चौघांची कमिटी होती: मी, रिजवान, रुद्र आणि आणखी एक. दारावर पाळीपाळीने एकेक जण बसायचा. रुद्र बसला की पायात चप्पल असलेले परत जायचे. चौथा पन्नाशीच्या पुढच्यांना “आज फुल आहे” म्हणायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडण. बायकांना मैत्रीण म्हणून आणायचं का? लग्न झालेल्यांना घ्यायचं का? वीटभट्टीवरून येणाऱ्यांच्या अंगाला वास येतो, त्यांचं काय? मी सेक्रेटरी, म्हणून नियम मी टाइप केले. त्यातला पाचवा नियम शंभर टक्के माझा होता: साडी किंवा बायकी पोशाख चालणार नाही. कारणही मी लिहिलं होतं: ‘मालकांची हरकत’. मोठ्या जबाबदारीने लिहिलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

एका रविवारी जिन्यातच हाणामारी झाली. हौसराव वर आले आणि म्हणाले, “हे बगा, भांडणं व्हनार आसतील तर हॉल दुसऱ्याला देतो.” रिजवान त्या संध्याकाळी खालाकडे जेवायला गेला तो तोंड पाडूनच. तिने विचारलं, त्याने सगळं सांगितलं. स्वतःबद्दलचंही सांगून टाकलं, रडला. खाला भाकरी थापत होती. म्हणाली, “ते मला कळल्याला लई वर्सं झाली. तू कवा सांगतोस त्याची वाट बगत हुते. जेव आता.” मग तिने विचारलं, “दारावर कोन बसतं?”

“आमीच. पाळीपाळीनं.”

“म्हंजी दारावर कुनीच न्हाई,” खाला म्हणाली. “मी बसते.”

खालाचं सांगायचं तर ती सव्वीस वर्षं रेल्वेच्या लेडीज वेटिंग रूमवर अटेंडंट होती. नवरा गँगमन, कामावर असताना गेला, आणि अनुकंपावर हिला नोकरी लागली. दारात टेबल, टेबलावर रजिस्टर. नाव, तिकीट नंबर, गाडी, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, शेरा. बसायची जागा कुणाला मिळेल आणि कुणाला नाही हे सव्वीस वर्षं या बाईने पाहिलं. बदल्या होत होत चार स्टेशनं झाली, आणि रिटायर झाल्यावर दौंडला कायमची आली. गुडघे दुखतात, कानात लहानशा बाळ्या, डोक्यावर कायम पांढरी ओढणी.

पहिल्या रविवारी ती रिजवानच्या मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून आली. मांडीवर स्टीलचं स्टूल, पिशवीत नवंकोरं फुलस्केप रजिस्टर. पट्टीने रकाने आखून आणले होते, पेनाला दोरा बांधलेला होता. पहिला जो आला तो पाबळकडचा एक तरुण होता, कसला घाबरलेला! खालाने मान वर न करता जन्माच्या सवयीने विचारलं, “गाडी कंची?”

तो गांगरला आणि म्हणाला, “झेलम.”

खालाने लिहिलं: झेलम. मग तिच्याही लक्षात आलं. तिने पेन क्षणभर थांबवलं आणि म्हणाली, “आसू दे. हितं नाव सांगायची भ्या वाटती ना? मग गाडीचं सांग. पन दर वक्ताला तीच गाडी सांगायची.” तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये माणसांची नावं नाहीत, सगळ्या गाड्या आहेत. मी कोयना. रिजवान आझाद हिंद. रेल्वेतल्या बन्सी आबांना विचारलं तर म्हणाले, “आपली डेमू लिवा, सगळीकडं थांबती.”

त्याच दिवशी तिने कमिटीला खाली बोलावून आपला एकच नियम सांगितला.

“मी कुनाला आडवनार न्हाई. आडवायचं आसंल तर त्यानं सोता खाली यायचं. शेऱ्याच्या रकान्यात आपल्या हातानं कारन लिवायचं. खाली सही करायची, पुरं नाव घालून. गाडी चालायची न्हाई तिथं. मग ते कारन मी ज्याला आडवलंय त्याला वाचून दाखवनार.”

रुद्र म्हणाला, “खाला, इथं खरं नाव कोण लिहील?”

“येनाऱ्याला लपायची मुभा हाय बाबा,” ती म्हणाली. “आडवनाऱ्याला न्हाई.”

मी क्वालिटीतला माणूस. आयएसओच्या ऑडिटला फाइली रचून रचून म्हातारा व्हायला लागलो. पण इतकी सोपी आणि इतकी जालीम पद्धत मी कुठल्या मॅन्युअलमध्ये पाहिली नाही. तासाभरातच रुद्र एकाला अडवायला तणतणत खाली आला. खालाने पेन पुढे केलं. त्याने ‘पायात च’ एवढं लिहिलं आणि थांबला. समोरचा माणूस त्याच्याकडे बघत होता. खालासुद्धा बघत होती, रागाने नाही, नुसती, वेळ लिहायला घड्याळाकडे बघतात तशी. रुद्रने पेन ठेवलं, म्हणाला, “असू द्या, जाऊ दे वर.” आणि स्वतःच त्याला जिन्यातून घेऊन गेला. भट्टीवरचे आले, पन्नाशीचे आले, साठीचे आले. कारण प्रत्येकाकडे होतं, पण स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावाखाली आणि त्याच्या तोंडासमोर लिहायची वेळ आली की बोटं चालत नव्हती.

दोन वर्षांत एकदाच अडवलं गेलं. एकाने दोघांचे फोटो काढून त्यांना धमकावलं होतं. त्या दिवशी रिजवान खाली आला आणि न थांबता लिहिलं: ‘याने फोटो काढून दोन माणसांना लुबाडले. रिजवान अयुब अत्तार.’ खालाने चष्मा लावून ते ठासून वाचून दाखवलं. तो माणूस गाडीला किक मारून गेला, पुन्हा दिसला नाही. तेव्हा मला कळलं की ही बाई दार सताड उघडं टाकून बसलेली नाही. दार बंद करायलाही तिची ना नाही. बंद करणाऱ्याचा हात तेवढा दिसला पाहिजे.

पण पाचवा नियम तसाच राहिला होता. साडीतलं कुणी दारापर्यंत आलंच नव्हतं ना.

दारापर्यंत आलं नव्हतं, पण कडुलिंबापर्यंत दर महिन्याला येत होतं. हॉटेलच्या समोर पार्किंगच्या कडेला एक कडुलिंब आहे. बन्सी आबा दर वेळी आपल्या स्कूटीवरून रंभाला घेऊन यायचे, तिला त्या झाडाखाली सोडायचे आणि वर यायचे. आबा मूळ वडगाव रासाईचे, दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. आमच्यातले सगळ्यांत थोरले आणि कॅरममध्ये सगळ्यांना पाणी पाजणारे. रंभाचं आईबापांनी ठेवलेलं नाव पुरुषाचं होतं. ते तिने विसाव्या वर्षीच टाकलं आणि साडी नेसली, ती आजतागायत. दौंडला साड्यांना फॉल-पिको करते. बावीस वर्षं ती आणि आबा एका घरात राहतात. आबा वर कॅरम खेळायचे आणि ती खाली चटई टाकून एखाद्या साडीला हाताने फॉल लावत बसायची. तासाभराने आबा उतरून तिला थंडा देऊन यायचे.

“वर या की” असं तिला आमच्यापैकी एकानेही म्हटलं नाही. नियम होता ना! आणि आबाही काही बोलत नव्हते. मी तर मनाची समजूत घालून घेतली होती की तिलाच झाडाखाली बरं वाटतं. फक्त खाला दुपारी डबा घेऊन तिच्याकडे जायची, दोघी चटईवर बसून जेवायच्या. मी एकदा खालाला हसत म्हणालो, “तुमची मैत्रीण लिहा की रजिस्टरात.” ती म्हणाली, “जो दारात येऊन मागत न्हाई त्याला मी लिवू शकत न्हाई. तिचं ती ठरवंल.”

यंदा एप्रिलच्या शेवटी आबा रिटायर झाले. मे महिन्याच्या रविवारी वरच्या मजल्यावर त्यांचा सत्कार ठरला. तयारी माझ्याकडे. शाल, श्रीफळ, गुलाबाचा हार, फ्लेक्ससुद्धा केला, फोटो न टाकता. आणि सत्काराला खुर्च्या मांडतात तशा मी दोन खुर्च्या मांडल्या. विचार करून नव्हे. आपल्याकडे सत्कार सपत्नीकच होतो, माणूस एका खुर्चीत, बायको शेजारी. हात आपोआप दोन खुर्च्या ओढतो.

आबा हॉलमध्ये आले आणि दोन खुर्च्या बघून तिथंच थबकले. मग खाली बसले ते कॅरमच्या स्टुलावर. म्हणाले, “बिरदेव, एक उचल. हापिसातबी दोनच मांडल्या हुत्या. साहेबांनी इचारलं, घरचं कोन? मी म्हनलो, कुनी न्हाई. माझ्याच तोंडानं म्हनलो. आन् रिकाम्या खुर्चीशेजारी बसून शाल घेतली. घरी आलो तर हिनं इचारलं, कसा झाला कारेक्रम. मी सांगून टाकलं. दोन दिवस जेवली न्हाई.”

मी खुर्ची उचलायला वाकलो आणि तेवढ्यात खालून खालाचा आवाज आला. “बिरदेव! खाली ये.”

जिन्याच्या तोंडाशी रंभा उभी होती. मोरपंखी रंगाची साडी, चापूनचोपून नेसलेली, केसांत अबोली. ऊन इतकं होतं की कपाळावरून घाम ओघळत होता, पण ती पुसत नव्हती. खालाने रजिस्टरमध्ये अनुक्रमांक घातला होता.

“गाडी कंची?” खालाने विचारलं.

“गाडी नगं, आपा,” रंभा म्हणाली. “रंभा लिवा. मला आज त्यांच्याशेजारी बसायचंय. एकदाच. फोटो-बिटो नगंत. खुर्चीत बसते, शाल घेतली की उतरते.”

खालाने नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “नियम पाचवा. तुझा हाय. आडवनार का सोडनार?”

वर साठ माणसं होती. खाली हॉटेलात तीन टेबलं भरलेली, त्यातल्या एका टेबलावर माझ्याच कंपनीतला स्टोअरचा माणूस बसलेला मी मघाशी पाहिला होता. मी नुसता जिना चढलो तर साखरपुड्याला आलो असं म्हणता येत होतं. साडीतली रंभा माझ्याबरोबर जिना चढली की काय म्हणणार होतो? मी म्हणालो, “खाला, माझी काही ना नाही. पण मालकांची हरकत आहे.”

“मग मालक सही करतील,” खाला म्हणाली आणि हौसरावांना हाक मारली.

हौसराव गल्ल्यावरून उठून हात पुसत आले. खालाने पेन पुढे केलं. त्यांनी रजिस्टरमध्ये घडी करून ठेवलेला नियमांचा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. “आवो बिरदेवराव, मी हे कवा म्हनलो? मी म्हनलो हुतो, भांडू नका आन् पायऱ्यांवर ओकू नका. ह्या बाईंनी माझ्या मंडळीच्या चार साड्यांना फॉल लावून दिल्यात. मी कशाला आडवू?” आणि रंभाला “ऊन हाय, आत सावलीत तरी उबं ऱ्हावा” म्हणून ते परत गल्ल्यावर गेले.

दोन वर्षं ज्या कारणामागे मी लपलो होतो ते अर्ध्या मिनिटात निघून गेलं. मालकांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आता जिन्याशी फक्त मी, खाला, रंभा आणि ते पेन.

तेव्हा मी सरळ “चला वर” म्हणालो असतो तर ही गोष्ट माझ्या मोठेपणाची झाली असती. तसं झालं नाही. मी पेन घेतलं. का घेतलं माहीत नाही, बहुतेक त्या बाईसमोर खोटं बोलून दमलो होतो. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘हिच्याबरोबर मला कोणी पाहिले तर मी कोण आहे ते लोकांना कळेल, याची मला भीती वाटते. म्हणून आत घेत नाही.’ खाली सही केली: बिरदेव सखाराम कोळपे. माझं पूर्ण नाव, त्या रजिस्टरमध्ये, पहिल्यांदा. शेवटची मात्रा रेषेबाहेर गेली.

खालाने चष्मा लावला आणि रंभाला वाचून दाखवलं. सगळं, माझ्या नावासकट. आवाजात ना टोमणा ना दया.

रंभाने ऐकून घेतलं. म्हणाली, “बरं केलं भाऊ, लिवलंत. आजवर मला लई दारावरनं परत लावलं. कारन कुनीच सांगितलं न्हवतं. मला वाटायचं माझ्यातच कायतरी आसंल.” आणि पदर सावरून ती कडुलिंबाकडे चालू लागली. चटई घडी घालून ठेवलेली होती, ती तिने पुन्हा उलगडली.

पुण्यातला तो दारावरचा माणूस मला आठवला. त्याने निदान तोंडाने सॉरी म्हटलं होतं.

मी रजिस्टर ओढून घेतलं आणि लिहिलेलं खोडायला गेलो. खालाने माझ्या मनगटावर हात ठेवला. चांगलाच घट्ट.

“खोडायचं न्हाई.”

“खाला, चुकलं माझं.”

“चुकलं म्हनूनच खोडायचं न्हाई. ऐक.” ती स्टुलावर जरा सरकली. “मी वेटिंग रूमवर हुते तवाची गोष्ट. स्टेशनचं नाव सांगत न्हाई, चूक स्टेशनची न्हवती, माझी हुती. रंभासारकीच एक आली. अंगात ताप, हातात तिकीट, पाच तास गाडीला. आत दोन बायका हुत्या, बाकी सगळी बाकडी रिकामी. त्या बाया नाक मुरडायला लागल्या आन् मी हिला म्हनलं, भाईर बस. गेली बिचारी. प्लॅटफॉर्मवर फरशीवर निजली, उन्हात. मग मी शेऱ्यात लिवलं. खोटं लिवायची मला सवय न्हाई. लिवलं, ‘तिकीट होते. जागा होती. मी आत घेतले नाही.’ सही केली. मला वाटलं, खरं लिवलं म्हंजी झालं.”

तिने ओढणीने चष्मा पुसला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिचा आवाज हललेला ऐकला.

“पाच तास ती माज्या डोळ्यासमोर हुती, बिरदेव. त्या ओळीखाली जागा हुती. पान रिकामं हुतं. मी दुसरी ओळ लिवली न्हाई. गाडी आली, ती गेली. रजिस्टर भरलं, हापिसानं नेलं. आता सोळा वर्सं मी रोज ती दुसरी ओळ लिवती, मनात. त्याला काय आर्थ?” आणि तिने पेन माझ्या हातात दिलं. “हिची गाडी अजून गेली न्हाई.”

खरंच सांगतो, मी देवळात गेलो, मोठ्या सभांना गेलो, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी, त्या जिन्याच्या पायरीशी. स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहून सोळा वर्षं ती पाठ म्हणणारी बाई माझ्यासमोर प्लास्टिकच्या बाटलीतलं कोमट पाणी पीत बसली होती. आणि दोन वर्षं मी समजत होतो की ती आमच्या भांडणावर तोडगा म्हणून दारावर बसलीय.

मी खालची ओळ लिहिली. ‘१२ वाजून ४० मिनिटे. भीती आहे. तरी आत घेतले. बिरदेव सखाराम कोळपे.’ मग त्या उन्हात कडुलिंबापर्यंत चालत गेलो. भरलेल्या तीन टेबलांसमोरून गेलो. स्टोअरचा माणूस बघत होता, त्याने हातसुद्धा केला, मीही केला. रंभाला म्हणालो, “वहिनी, चला. आबा थांबलेत.” तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, खोटा माल आहे का ते तपासत असावी. मग चटई तशीच टाकून उठली.

जिन्याशी खालाने तिला थांबवलं. आपल्या हातरुमालाने तिच्या कपाळावरचा घाम टिपला, अबोलीचा गजरा नीट केला आणि म्हणाली, “जा. पायऱ्या उंच हायत, साडी सांबाळ.”

वर आम्ही शिरलो तेव्हा आबा अजून कॅरमच्या स्टुलावर होते. त्यांनी रंभाला दारात पाहिलं आणि उठून उभे राहिले. छत्तीस वर्षं साहेबासमोर उभे राहिले असतील तसे ताठ. कुणीतरी गाणं बंद केलं. ती चालत गेली आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. आबा पहिल्या खुर्चीत बसले. शाल एकच आणली होती, तिच्यासाठी काही आणायचं मला सुचलंच नव्हतं. आबांनी ती शाल अंगावर घेतली आणि तिचं दुसरं टोक तिच्या खांद्यावर टाकलं. त्यांनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, “ही माझी मंडळी. हापिसात सांगायचं राहिलं हुतं.” रुद्र, चपलांवरून माणसं परत पाठवणारा आमचा रुद्र, भिंतीकडे तोंड करून रडत होता. मीही काही फार कोरडा नव्हतो.

टाळ्या चालू असतानाच मी जिना उतरून खाली आलो. म्हणालो, “खाला, आज तरी वर चला. दारातूनच बघा.” तिने मान हलवली. दारू आहे म्हणजे आहे. त्यात तिने कधी सूट घेतली नाही, आणि आम्हालाही कधी सुनावलं नाही.

“मला एवढंच सांग,” ती म्हणाली. “खुर्च्या दोन मांडल्या हुत्या ना?”

“दोन.”

“दोनी भरल्या?”

“भरल्या, खाला.”

तिने रजिस्टर पुढे ओढलं. दोन वर्षांत शेऱ्याच्या रकान्यात तिने स्वतः एक अक्षर लिहिलं नव्हतं, तो रकाना अडवणाऱ्यांचा होता. आता माझ्या दोन ओळींखाली तिने सावकाश, रेल्वेतल्या त्या ठळक अक्षरात लिहिलं: ‘जागा होती. आत घेतले.’ मग खाली पूर्ण नाव घालून सही केली, आणि शाई वाळेपर्यंत पानावर हात धरून बसून राहिली.